अंधाराचा धंदा

तुमचा धंदा कोणता, असे कुणी विचारले की मी सांगतो, अंधार विकण्याचा. ऐकणारा जरा सरकून बसतो. मग खुलासा करावा लागतो, की लालबागेत आमचे एक थिएटर आहे. तीन तासांचा अंधार आणि वर पंखा. खुर्चीतले ढेकूण तेवढे तिकिटात धरलेले नसत.

हा नाद अण्णांचा. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. त्या गर्दीत त्यांची एक चप्पल गेली आणि घरी मार बसला. "पण पडदा बोललेला ऐकला ना!" हे ते मरेपर्यंत सांगत. पुढे ते मॅजेस्टिकही पाडले गेले.

आमचे वेळापत्रक गिरण्यांच्या भोंग्यावर चाले. पाळी सुटली की केसांत कापूस घेऊन माणसे तशीच खिडकीशी येत. वर ऑपरेटरच्या खोलीत दोन यंत्रे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की एक बंद करून दुसरे सुरू करायचे. प्रिंट एक आणि थिएटरे दोन असली म्हणजे डबे सायकलवरून येत. एकदा तो सायकलवाला गणपतीच्या मिरवणुकीत अडकला. नायिका विहिरीच्या काठावर उभी आणि पुढचे रीळ नाक्यावर गुलालात! अण्णांनी पाऊण तास पदरचा चहा पाजला. पैसे एकानेही परत मागितले नाहीत. तिचे काय होते हे कळल्यावाचून घरी जाणार कोण?

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन आले आणि आमची रविवारची संध्याकाळ हळूहळू थंडावली. ते सोसले. खरा घाव १९८२ चा. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. वेळ उदंड आणि खिशात दमडी नाही. माणसे बाहेर भिंतीला टेकून आतली गाणी ऐकत उभी राहत. अण्णांना ते पाहवेना. पण सोडणार कसे? करमणूक कराचा हिशेब तिकिटागणिक, आणि इन्स्पेक्टर केव्हा येईल याचा नेम नाही. मग अण्णा बाहेरच्या बाजूने रांगेत उभे राहू लागले. आपल्याच बुकिंग क्लार्ककडून वीस तिकिटे रोख विकत घ्यायचे आणि भिंतीशी जाऊन वाटायचे. मी तेव्हा नुकताच हिशेब पाहू लागलो होतो. चिडून म्हणालो, "अण्णा, हा धंदा आहे की सदावर्त?"

"रिकाम्या खुर्च्यांचे तरी कुठे भाडे येते रे?"

आईच्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या, हे मला फार उशिरा कळले.

संप मोडला, गिरण्या गेल्या. चिमण्यांच्या जागी टॉवर झाले. तिथली माणसे सिनेमा पाहतात, पण गार हवेच्या मॉलमध्ये. रिळांचे डबे गेले, सायकलवाला गेला. मार्च २०२० मध्ये साथीने दाराला कुलूप लागले. ते उघडले तोवर लोकांची सवय मोडली होती.

हल्ली एक बिल्डर येतात. माणूस सज्जन, पेढे घेऊन येतात. नव्या इमारतीत लहानसे थिएटर नियमाने ठेवावेच लागेल, त्याला वडिलांचे नाव देऊ म्हणतात. मुलगा पुण्याहून फोन करतो, "बाबा, सही करून टाका." त्याचे चुकत नाही. विजेचे बिल त्यानेही पाहिले आहे.

गेल्या मंगळवारी दुपारच्या खेळाला सात माणसे होती. दहाच्या आत असली तर पैसे परत करून खेळ रद्द, हा माझाच नियम. डोअरकीपरने विचारले, "मालक, पाठवू घरी?" मी आत डोकावलो. पुढच्या रांगेत एक म्हातारा चपला काढून, पाय वर घेऊन बसला होता. बाहेर ऊन रणरणत होते.

मी खिडकीपाशी गेलो आणि तीन तिकिटे मागितली. आतल्या मुलाने चमकून वर पाहिले. बिल्डरचे कागद तिथल्याच खणात, नाण्यांच्या वाटीखाली होते. त्याने वाटी उचलली, कागद बाजूला सारले आणि मला सुटे पैसे मोजून दिले.