जुन्या कॅमेऱ्याची पारख

सन 2000 नंतरची दहा-बारा वर्षे हातात मावणारा डिजिटल कॅमेरा ही घराघरांतील कौतुकाची वस्तू होती. लग्नकार्यात, सहलीत, पाडव्याच्या वहीपूजनात तो एखाद्या जबाबदार माणसाच्याच हाती असे. सन 2000 मध्ये आलेल्या कॅननच्या पहिल्या डिजिटल इक्ससची क्षमता जेमतेम 2 मेगापिक्सेल होती, तरी तिचे केवढे अप्रूप! पुढे मोबाइलमध्येच चांगला कॅमेरा आला आणि ही छोटी यंत्रे कपाटात, तेथून भंगारात गेली. आज तोच माल पुन्हा मागणीत आला आहे, आणि मागणी करणारे आहेत विशीच्या आतबाहेरचे तरुण.

वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटते; परंतु तरुणांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोबाइल एका क्षणात अनेक प्रतिमा टिपून त्यांची जुळवाजुळव करतो, सावल्या उजळतो, चेहरे गुळगुळीत करतो. जुना छोटा कॅमेरा एवढा शहाणा नाही. एक कळ दाबली की एक छायाचित्र, आणि समोर जे असेल ते बहुधा तसेच. शिवाय कॅमेरा हातात असताना ना फोन येतो, ना निरोप.

पुण्यातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी भावाच्या लग्नाच्या निमित्ताने कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने असा कॅमेरा मागितला. “मोबाइल असताना हे जुने खोके कशाला?” असे वडील म्हणाले. आजोबांनी मात्र नकार दिला नाही. “घ्यायचाच तर माल पाहून घे, चकाकी पाहून नको,” एवढेच ते म्हणाले आणि नातीबरोबर निघाले. कॅमेऱ्यातले त्यांना फारसे कळत नव्हते. परंतु पोत्याच्या तोंडाशी दिसणारा दाणा पाहून सौदा करायचा नसतो, हात आत घालून तळाचा दाणा वर काढायचा असतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या व्यवहाराने शिकवले होते.

दुकानदाराने तीन कॅमेरे समोर ठेवले. पहिला चंदेरी, एकही ओरखडा नसलेला आणि सर्वांत महाग. त्यात एक्सडी जातीचे कार्ड लागत होते. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी 2002 मध्ये आणलेली ही कार्डे आता बनत नाहीत, ती वाचणारे साधनही सहजी मिळत नाही. चार्जर हरवलेला होता. बॅटरी, चार्जर आणि कार्ड यांची भर घालून आजोबांनी खरी पडणारी किंमत काढली, तेव्हा चंदेरी रंग फिका पडला.

दुसऱ्यात नेहमीचे एसडी कार्ड बसत होते. येथे नातीचा अभ्यास उपयोगी पडला. 2 जीबीहून मोठी एसडीएचसी कार्डे 2006 मध्ये आली. त्यापूर्वीचे बहुतेक कॅमेरे ती ओळखत नाहीत, म्हणून 2 जीबीचे साधे कार्ड ती बरोबर घेऊन आली होती. कार्ड चालले. मग तिने भिंग उजेडाकडे धरले. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. ती बुरशी होती. दमट हवेत वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या भिंगात ती धरते. “शेठ, काचेकडे काय बघता, बॉडी बघा की,” दुकानदार म्हणाला. आजोबांनी कॅमेरा हलकेच बाजूला ठेवला.

तिसऱ्याचे कोपरे घासलेले होते. पण तो कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालत होता. नातीने तो दहा वेळा चालू-बंद केला; भिंग न अडखळता आत-बाहेर झाले. पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतले, डाग नव्हता. भिंग हाताने झाकून एक घेतले. काळ्या पडद्यावर ठिपके चमकले नाहीत. जांभळट छटा किंवा आडव्या रेघा दिसतात का, तेही तिने पाहिले. कारण त्या काळातील काही कॅमेऱ्यांचे प्रकाशग्राहक उष्ण व दमट हवेत निकामी होतात, हे 2005 मध्ये अनेक कंपन्यांनी स्वतःच जाहीर केले होते. फ्लॅश पडला. सेल काढून पुन्हा घातल्यावर कॅमेरा तारीख विसरला; आतला लहानसा सेल संपला होता. तेवढा दोष भावात वळता झाला.

सौदा ठरला. नातीने कार्ड काढून घेतले, आणि पडद्यावर अनोळखी चेहरे उमटले. कॅमेऱ्याच्या अंगच्या स्मृतीत जुन्या मालकाची नऊ छायाचित्रे राहून गेली होती. पाळण्यातले बाळ, शेजारी एक वृद्ध बाई. “पुसून टाका, एका बटणाचे काम,” दुकानदार म्हणाला. आजोबा थांबले. “माल आम्ही घेतला. त्यातली माणसे आम्ही विकत घेतलेली नाहीत.” दुकानदाराने वहीत पाहून विकणाऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले, छायाचित्रे पेनड्राइव्हवर घेतली, त्या वृद्ध बाईच्या चित्रापाशी बराच वेळ थांबले आणि नमस्कार करून निघून गेले. त्यानंतरच नातीने ती पुसली.

त्या रात्री आजोबांनी स्वतःच्या घरातले कपाट उघडले. तळाच्या कप्प्यात त्यांचाही एक कॅमेरा सापडला, सोनीचा, मेमरी स्टिकचा. बॅटरी फुगली होती. ती चार्ज न करता बाजूला काढून ई-कचऱ्यात देण्यासाठी वेगळी ठेवली. जुने कार्ड वाचणारे साधन एका फोटो स्टुडिओत मिळाले. कार्डात 2006 च्या पाडव्याचे वहीपूजन होते. थोरले बंधू वहीवर स्वस्तिक काढत होते. ते आता नाहीत, आणि त्या दिवसाचे दुसरे चित्र घरात कोठेही नव्हते.

अशा कार्डांतील नोंद कायमची नसते. न वापरता पडून राहिलेल्या कार्डातून वर्षे जातील तशी ती निसटू शकते, आणि ती वाचणारी साधने त्याहून आधी दुर्मिळ होतात. जुनी खातेवही कपाटात पन्नास वर्षे राहिली तरी वाचता येते. कार्डाची तशी हमी नाही. म्हणून जुना कॅमेरा घ्यायला बाजारात जाण्यापूर्वी घरातले कपाट उघडावे. तेथे कदाचित कॅमेरा मिळेल आणि पैसे वाचतील. तो चालत नसला, तरी त्यातले कार्ड काढून छायाचित्रे दोन ठिकाणी उतरवून घ्यावीत, त्यांतली निवडक कागदावर छापावीत. मग यंत्र विकायचे तर ते रिकामे करून, दोष सांगून विकावे.