फोडलेलं घर, लुटलेला माणूस

इंग्रजी न्यायालयीन कागद किंवा गुन्हेगारी कादंबरी मराठीत आणताना नवखा अनुवादक घाबरतो तो लॅटिनला. ‘मेन्स रीआ’ दिसलं की तो लगेच कोश काढतो आणि म्हणूनच तिथे सहसा चुकत नाही. चुका होतात त्या थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी, मर्डर या शाळेपासून तोंडात बसलेल्या शब्दांत. त्यांची कायद्यातली व्याख्या बघायला हवी असं कोणाच्या मनातच येत नाही. गुन्हे आणि शिक्षा यांच्या इंग्रजी शब्दसंग्रहात खरा घोळ या ओळखीच्या शब्दांचाच आहे, असं माझं मत आहे.

रिकाम्या घरात शिरून कोणी दागिने नेले, तर लंडनमधला घरमालकही ‘रॉबरी झाली’ असं बिनदिक्कत म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. इंग्लंडच्या 1968 च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे रॉबरीला चोरीसाठी वापरलेलं बळ किंवा त्याची धमकी लागते, म्हणजे समोर माणूस लागतो. लुटला जातो तो माणूस; घराच्या वाट्याला येते ती बर्गलरी. आणि हा भेद नुसता शब्दांचा नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त सात वर्षं, राहत्या घरातल्या बर्गलरीला चौदा, रॉबरीला जन्मठेपेपर्यंत. बर्गलरीला आपण ‘घरफोडी’ म्हणतो, पण तिथे काही फोडावं लागतच नाही. इमारतीत, किंवा तिच्या एखाद्या भागात, चोरीच्या इराद्यानं हक्क नसताना शिरलं की पुरे. 1979 च्या एका खटल्यात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस काउंटरच्या आत गेला आणि त्यानं गल्ल्याचा खण ओढला. खण रिकामा होता, तरी बर्गलरीची शिक्षा वरच्या न्यायालयात कायम राहिली. त्याआधीचा 1916 चा कायदा तर घड्याळ लावून बसलेला: रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात घर फोडलं तरच बर्गलरी, दिवसा फोडलं तर ‘हाउसब्रेकिंग’. तेव्हा 1930 च्या सुमाराच्या कादंबरीतला इन्स्पेक्टर यांपैकी कोणता शब्द उच्चारतो, त्यावरून गुन्ह्याची वेळही कळू शकते.

थेफ्ट म्हणजे चोरी, यात तरी वाद कसला, असं वाटेल. पण इंग्लंडमध्ये वस्तू मालकाला कायमची मुकवण्याचा हेतू असल्याशिवाय थेफ्ट होत नाही. कोणाची तरी मोटार रात्रभर उडवून रस्त्याकडेला सोडून देणाऱ्या पोरांसाठी म्हणूनच त्याच कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेत ही ‘कायमची’ची अट नव्हती. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थीनं विनापरवाना विमान उडवून पाकिस्तानात उतरवलं, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्ये ती चोरीच ठरवली; काही काळापुरतं नेणंही पुरेसं मानलं. म्हणजे इंग्रजी शब्द तोच, तरी भारतातलं थेफ्ट आणि इंग्लंडमधलं थेफ्ट एक नव्हे.

यावर कोणी म्हणेल की इंग्लंडनं स्वतःच कायद्याची भाषा सोपी केली आहे. केली, आणि चांगलं केलं. 1999 च्या दिवाणी नियमांनी ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ केला, त्यात कोणाचंच काही बिघडलं नाही. दावा लावणारा तो दावा लावणाराच राहिला. पण 1968 मध्ये ‘लार्सनी’ जाऊन ‘थेफ्ट’ आला, तेव्हा शब्द सोपा झाला, व्याख्या नव्हे. लार्सनी वाचून थबकणारा वाचक थेफ्टवरून सरळ पुढे जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कायद्यातला प्रत्येक साधा शब्द पारिभाषिक कुठे असतो? नसतोच. विम्बल्डनच्या कोर्टवर वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सनं 1972 मध्ये सांगितलं की ‘इन्सल्टिंग’ हा रोजचा शब्द आहे, त्याचा अर्थ रोजचाच घ्यायचा. उलट खुनाच्या इंग्रजी व्याख्येतल्या ‘मॅलिस अफोरथॉट’ला ना आकस लागतो, ना पूर्वविचार, ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू ऐन वेळी उपजला तरी चालतो. दिसायला दोन्ही शब्द सारखेच निरुपद्रवी, म्हणून प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी लागते. त्याला सरसकट नियम नाही.

आणि कादंबरीत एवढी काटेकोरी कशाला? तिथे बोलणारा कोण, ते पाहावं. शेजारीण ‘रॉब्ड’ म्हणाली तर तिला ‘लुटलं हो!’ म्हणू द्यावं, आरोपपत्र वाचणाऱ्या कारकुनाला ती मोकळीक नाही. मला सगळ्यात अडतं ते मॅन्स्लॉटरला. रूढ प्रतिशब्द ‘सदोष मनुष्यवध’, पण आपल्या कायद्यात खून हा त्याचाच एक प्रकार, तर इंग्लंडमध्ये मॅन्स्लॉटर म्हणजे खुनाखेरीजचा वध. आरोपीचे वकील मर्डरवरून मॅन्स्लॉटरवर उतरण्यासाठी झगडत असतील, तर ‘खून नव्हे, सदोष मनुष्यवध’ हे वाक्य आपल्या कायद्याच्या जाणकाराला अर्धवट वाटेल, आणि ‘खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’ म्हणेपर्यंत पात्राला धाप लागेल. अशा ठिकाणी मी मॅन्स्लॉटर तसाच ठेवतो.