सुतारांचे वतन

कॅलिफोर्नियातील कार्मेल खोऱ्यात हेस्टिंग्ज नावाचे जे राखीव रान आहे आणि जेथे १९६८ पासून ओकफळे साठविणाऱ्या सुतार पक्ष्यांच्या कुळांची नोंद चिकाटीने ठेवली जात आहे, तेथील एखाद्या जुन्या कोठारवृक्षापुढे उभे राहिले, की बुंध्यापासून फांद्यांपर्यंत कोरलेली असंख्य भोके आणि प्रत्येक भोकात नेमके ठोकून बसविलेले एकेक फळ पाहून मन थक्क होते. मोठ्या वृक्षावर अशी भोके पन्नास हजारांपर्यंत आढळतात. ती एका पिढीची मिळकत नव्हे. पणजोबांनी कोरावे आणि पणतवंडांनी भरावे, असे ते वंशपरंपरेचे वतन आहे. फळ वाळून आक्रसले, की सैल पडते व चोरास सहज लाभते. म्हणून घरातील कोणी ना कोणी सदैव तपासणी करीत हिंडत असतो आणि असे फळ उपटून, चोचीने अदमास घेत, लहान भोकात हलवितो.

वतन सामाईक, तसा संसारही सामाईक. दोन-चार भाऊ, दोन-तीन बहिणी आणि मागल्या वर्षांची, अद्याप स्वतःचे घर न थाटलेली मुले मिळून एकाच ढोलीतील पिलांना भरवितात. येथवर वाचून एकत्र कुटुंबाची स्तोत्रे गाण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांनी अंडी घालण्याच्या दिवसांत दुर्बीण लावून बसावे. जिचे अंडे आधी पडते, तिच्या त्या अंड्याची बहीणच उचलबांगडी करते, ते जवळच्या झाडावर नेऊन ठेवते, आणि मंडळी ते फोडून खातात. खाणाऱ्यांत कधी ती माताही असते! दोघींची अंडी एकाच दिवशी पडू लागली, आपले कोणते नि तिचे कोणते हे कळेनासे झाले, म्हणजे मग हा तंटा मिटतो.

वतनातील आईची जागा रिकामी झाली, तर ती घरच्या मुलींना मिळत नाही, कारण तेथील नर त्यांचा बाप असतो. मग आसपासच्या मुलखातून बहिणींच्या टोळ्या चालून येतात आणि ‘वाका-वाका’ असा कल्लोळ करीत कित्येक दिवस झुंजतात. डोळे फुटतात, पंख मोडतात. साहस बर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी इवलीशी रेडिओ-यंत्रे बसवून २०२० मध्ये दाखवून दिले, की ही लढाई पाहावयास तीन-तीन किलोमीटरांवरून प्रेक्षक येतात, आणि त्यांतील पुष्कळांचे स्वतःचे कोठार घरी शाबूत असते. कोणत्या घरात किती बळ उरले, याची बित्तंबातमी त्यांना तेथे मिळत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वाटपाच्या दाव्याशी तिळमात्र संबंध नसताना निकालाच्या दिवशी कचेरीच्या ओट्यावर तासन् तास बसून राहणाऱ्या आमच्याकडील मंडळींविषयीही कोणी असाच उदार तर्क करावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे.