मडक्यातले शिवार

पोया, म्हणजेच डंखहीन मधमाशी, ही जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीची काळपट माशी भिंतीच्या भेगेत किंवा झाडाच्या ढोलीत घर करते आणि स्वतःच्या अंगचे मेण व झाडांची राळ एकत्र मळून बोराच्या आठळीएवढी मडकी घडवते, ज्यांपैकी काहींत मध असतो, तर काहींत केवळ पराग. महाराष्ट्रात आढळणाऱ्या आणि स्मिथ या कीटकशास्त्रज्ञाने 1854 साली प्रथम वर्णन केलेल्या या माशीचे शास्त्रीय नाव आज टेट्रागोनुला इरिडिपेनिस असे लिहिले जाते. तिच्या मडक्यातील चिमूटभर पराग कोणत्या झाडांचा आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याच्या कामाला परागविश्लेषण म्हणतात.

हा पराग महत्त्वाचा का, हे पोयाच्या बालसंगोपनावरून कळते. सातेरी मधमाशीच्या घरातल्या कामकरी माश्या अळीला वाढीच्या काळात पुन्हापुन्हा भरवतात. पोयाच्या घरात मात्र कोठडीत अन्न भरून, त्यावर राणीने अंडे घातल्यावर ती कायमची लिंपली जाते आणि त्या एकाच शिदोरीवर अळीची माशी होते. त्यामुळे त्या दिवसांत शिवारात काय फुलले होते, यावर पुढच्या पिढीचे अंगबळ ठरते.

अभ्यासक मडक्यातील पराग कणभर पाण्यात मोकळा करतो, काचपट्टीवर पसरतो, रंगद्रव्य घातलेल्या ग्लिसरीन-जेलीत बसवतो आणि मग एकेक कण न्याहाळतो. कंबरमोडीचा, म्हणजेच एकदांडीचा, कण काटेरी गोळ्यासारखा दिसतो. मक्याचा मोठा, गुळगुळीत आणि एकाच गोल छिद्राचा असतो. बाभळीचे कण सुटे नसून बहुधा सोळा-सोळाच्या गड्डीत घट्ट बांधलेले असतात. करडई, सूर्यफूल, कंबरमोडी आणि गाजरगवत ही सारी एकाच कुळातील असल्याने त्यांच्या कणांत घराण्याची ठेवण दिसते आणि नवखा माणूस हमखास फसतो. म्हणून त्याच गावच्या फुलांतून आधी ओळखीच्या पट्ट्या तयार कराव्या लागतात. मोजणीतही असाच चकवा असतो, कारण लाजाळूचे अतिसूक्ष्म कण संख्येने ढीगभर दिसले तरी आकारमानाने मक्याच्या मोजक्या कणांपुढे ते थोडेच भरतात.

वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी ही विद्या विशेष बोलकी ठरते. येथील काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचे प्राबल्य आहे. तथापि सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे फूल बहुधा उमलण्याआधीच स्वपरागित होते, तर तुरीच्या फुलातील पराग मिटलेल्या नौकेसारख्या पाकळ्यांत दडलेला असून त्या दाबून उघडण्याइतके वजन पोयाच्या अंगी नसते. डोळ्यांत भरणारी हिरवी शेते या माशीला जवळजवळ रिकामी असतात, आणि तिचा संसार धुऱ्यावरच्या (बांधावरच्या), अंगणातल्या व पडीक जागेतल्या झाडाझुडपांवर चालतो. पावसाळ्यात कंबरमोडी, बोर आणि मक्याचे तुरे, हिवाळ्याच्या अखेरीस करडई, चैत्राच्या सुमारास कडुनिंब, उन्हाळ्याच्या शेवटी चिंच अशी ही साखळी असून तिच्यातील एखादा दुवा तुटला की मडकी रिकामी राहतात. पोया काहीशे मीटरांपलीकडे सहसा जात नसल्याने दूरच्या रानातील फुलोरा तिच्या उपयोगी पडत नाही.

गाजरगवतासारख्या शत्रू मानलेल्या तणाचे कण मडक्यात सापडले, तर ते तण राखावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. मात्र तणनाशकाने धुरा पूर्ण उजाड करण्याआधी त्याच्या जागी पोयाला काय मिळणार, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. पोयाची पेटी ठेवू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी बारा महिने धुरे चालून पाहावेत, कोणत्या महिन्यात फुलांचा खाडा पडतो ते टिपावे, आणि तेथे बोर, शेवगा किंवा कडुनिंब लावावा. पेटी त्यानंतर आणावी. कारण मडके माशी घडवते खरी, पण ते भरते धुऱ्यावरच्या फुलांनी.