आधी एक गाडी चालती ठेवा

शिवाजी उद्यमनगरात मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवत आलो. ड्रॉइंग वाचायचं, लाकडात वस्तू उभी करायची, ओतकाम थंड होताना आकसतं म्हणून माप थोडं वाढवून धरायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे लहान मापात शहर उभं करायचं मनात आलं, तेव्हा हातांवर विश्वास होता. मुलगी सासरी गेल्यावर घरातली दहा बाय बाराची खोली मोकळी झाली होती. तिथे मी कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि त्याच्या आजूबाजूचा भाग करायला घेतला. मध्ये काम पार बंद पडलं होतं. ते का पडलं आणि परत कसं उभं राहिलं, ते सांगतो. कुणाला हा नाद लागलाच तर उपयोगी पडेल.

सुरुवात पुण्यात झाली. कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी सुरू झालं. एका माणसाने छंदापोटी आख्खं शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या उभ्या केल्या आहेत. नातवाला दाखवायला म्हणून गेलो आणि मीच तिथून हलेना. परतीच्या गाडीत माझ्याजवळच्या वहीत आपल्या स्टेशनचा नकाशा काढायला लागलो.

आपलं स्टेशन या कामाला फार सोयीचं आहे. इथे रूळ संपतात. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेची पायाभरणी झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. तेव्हा ती मीटरगेज होती, १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. पण कोल्हापूर तेव्हाही शेवटचं स्टेशन होतं, आजही आहे. आलेल्या गाडीचं इंजिन सोडवायचं, शेजारच्या रुळावरून मागे न्यायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. मॉडेलमध्ये हेच तर करायचं असतं. नुसती गोल फिरणारी गाडी बघून माणूस लवकर कंटाळतो.

मग माप ठरवायला बसलो. या छंदात एचओ हे माप जास्त चालतं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. आयसीएफ पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. एचओमध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. म्हणजे अठरा डब्यांची गाडी चार मीटरच्या पुढे गेली, आणि माझी लांब भिंतच बारा फुटांची. एक किलोमीटर रूळ दाखवायचा तर साडेअकरा मीटर जागा पाहिजे. म्हणून पाच डब्यांची गाडी धरली आणि स्टेशन त्या हिशेबाने आखूड केलं. दुसरी अडचण रुळाची. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. एचओत ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळाचा असतो, कारण तो परदेशातल्या स्टँडर्ड गेजवरून केलेला आहे. मापावर जगणाऱ्या माणसाला हे खटकतं. मलाही खटकलं. पण रूळ आणि चाकं घरी बनवायला बसलो असतो तर शहर राहिलं असतं बाजूला. साडेसोळावर समाधान मानलं.

खोलीच्या दोन भिंतींना धरून काटकोनात दोन फूट रुंदीची फळी बांधली. दोन फुटांपलीकडे हात नीट पोचत नाही, हे आधी बघून घ्यावं. लांब बाजूला कोल्हापूर. आखूड बाजूला इमारतींच्या रांगेमागे लपवलेले रूळ, त्याला घरात सगळे मिरज म्हणतात. गाडी इमारतींमागे गेली की मिरजेला पोचली. फळीचे चार-चार फुटांचे तुकडे करून ते बोल्टने जोडले, म्हणजे घर बदललं तरी जिन्यावरून उतरवता येतील. बारा एमएमचं मरीन प्लाय घेतलं, खाली पट्ट्यांची चौकट केली आणि दोन्ही बाजूंना, कडांनासुद्धा सीलर मारलं. एकाच बाजूला मारलं की फळी पावसाळ्यात बाक धरते. लाकडाने मला शेवटपर्यंत त्रास दिला नाही.

त्रास दिला विजेने. रूळ टाकले, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे तीन सांधे बसवले, मिरजेच्या टोकाला बारा व्होल्टचा पुरवठा जोडला. उन्हाळ्यात गाडी झकास धावली. पाऊस लागला आणि गाडी कोल्हापूरकडे येताना दमायला लागली. आधी फलाटाजवळ हळू व्हायची. मग सांध्यावर थांबायची. बोटाने ढकललं की वीतभर पुढे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, दिवसचे दिवस कपडे वाळत नाहीत. बंद खोलीत रुळांवर काळपट थर धरत होता. मी पुसायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शहराची एक इमारत उभी नव्हती, नुसते रूळ होते आणि त्यावर गाडीही चालत नव्हती.

खोलीत जायचं मी हळूहळू सोडलं. कुणी विचारलं तर विषय बदलायचो. फळीवर आधी वर्तमानपत्रं आली, मग गाद्या आल्या, मग नातवाची सायकल. पाऊस संपला तरी मी ती सायकल तिथून हलवली नाही.

गणपतीनंतर आमच्या गल्लीतले एक गृहस्थ घरी आले होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. सायकलीखालचे रूळ त्यांना दिसले. मल्टीमीटर घेऊन दुसऱ्या दिवशी हजर. पुरवठ्याजवळ बारा व्होल्ट भरले, फलाटाच्या टोकाला सात. म्हणाले, “इंजिनात दोष नाही. वीज वाटेतच गळतीय. प्रत्येक जोडपट्टीत थोडी थोडी.” रुळांचे तुकडे जोडणाऱ्या त्या बारीक पट्ट्यांवर विसंबून चालत नाही. पट्टी जरा सैल झाली, आत थर धरला की वीज अडते. त्यांच्या सांगण्यावरून फळीखालून सगळ्या लांबीभर दोन जाड वायरी ओढल्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून बारीक वायर काढून सोल्डर केली. पॉलिश पेपरने रूळ घासायचं बंद केलं, कारण त्याने बारीक ओरखडे पडतात आणि घाण त्यातच बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती फडकं फिरवायचं, बस्स.

जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी भिंतीवर लिहून लावलीय: “आधी एक गाडी चालती ठेवा. बाकीचं होत राहील.” त्यानंतर मी नियमच केला. संध्याकाळी खोलीत गेलो की पहिल्यांदा गाडी कोल्हापूरहून मिरजेला आणि परत आणायची. मग हत्यार हातात घ्यायचं. गाडी नीट आली की दहा मिनिटं बसायचं ठरवलेला माणूस तासभर बसतो.

दुसरी मदत बायकोची झाली. ती म्हणाली, “अहो, दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ले बघत हिंडतात. त्यांना आपल्याकडे पण बोलवू या की.” तिने पोरांना सांगूनही टाकलं. आता तारीख ठरली होती. सगळं शहर तोवर होणं शक्य नव्हतं. म्हणून एकच कोपरा पूर्ण करायचं ठरवलं, दीड फूट लांबीचा. कोपरा निवडला परीख पुलाचा.

कोल्हापूरकरांना हा पूल सांगायला नको. वरून रूळ, खालून स्टेशनकडून राजारामपुरीकडे जाणारा रस्ता, आणि जोराचा पाऊस झाला की खाली पाणी. रविवारी पहाटे गर्दी नसताना जाऊन फोटो काढले. भिंती सनबोर्डच्या केल्या. दगडांच्या रेषा बोथट पेन्सिलीने दाबून काढल्या. आधी करडा रंग दिला. तो वाळल्यावर काळ्या-तपकिरी रंगाचं पातळ पाणी वरून सोडलं, ते रेषांमध्ये उतरून बसलं. मग जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पाण्याची खूण काढली. एचओत माणूस दोन सेंटिमीटरचा, म्हणजे खूण साधारण चौदा मिलिमीटरवर. खुणेच्या खाली शेवाळी हिरवट, वर कोरडा करडा. अगदी कडेला चिखलाची फिकट रेघ. ती ओढली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. भिंत खरी वाटायला लागली होती. त्या रात्री मी जेवायला उशिरा गेलो.

शहर करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सगळ्या इमारती पूर्ण करायची गरज नसते. पुढच्या ओळीतल्या पूर्ण करायच्या, मागच्यांची नुसती दर्शनी बाजू. आपल्या कोल्हापूरला सिनेमाच्या सेटची जुनी परंपरा आहे, तिथेही असंच करतात. एक मजला सुमारे साडेतीन सेंटिमीटर. पण इमारतीपेक्षा तिच्यावर काय आहे यावरून शहर ओळखू येतं. गच्चीवर काळ्या टाक्या, खिडकीखाली गंजाचे ओघळ, दुकानांच्या पाट्या, खांबावर वायरींचा गुंता, स्टेशनसमोर रिक्षांची रांग. दिव्यांना छोटे एलईडी वापरले, प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर लावून.

दिवाळीत पोरं आली. महालक्ष्मी एक्स्प्रेस म्हणून गाडी सोडली. तिच्याकडे त्यांनी जेमतेम बघितलं. एक पोरगा वाकून ओरडला, “ह्यो परीख पूल न्हवं? आयला, पाण्याची खूण बी हाय!” मग सगळे आपापली ओळखीची जागा शोधायला लागले. शेजारचा अर्धा भाग नुसता प्लाय होता. तिथे काय येणार ते त्यांनीच मला सांगितलं: वडापावची गाडी, फुलवाली, एसटी. माझा गळा दाटून आला होता, म्हणून मी रिमोट नातवाच्या हातात दिला.

त्यानंतर खोली बंद पडली नाही. एका वहीत कामांची यादी ठेवलीय, मूड बघून वाटलेली. डोकं ताजं असेल तेव्हा वायरिंग. हात शिवशिवत असतील तेव्हा इमारती. काहीच करावंसं वाटत नसेल तेव्हा रूळ पुसणं. एखादा आठवडा काहीच झालं नाही तरी मनाला लावून घेत नाही, फक्त फळीवर दुसरं सामान येऊ देत नाही. पावसाळ्याआधी सगळ्यावर सुती चादर टाकतो. प्लॅस्टिक टाकू नये, आत दमट राहतं.

सध्या शाहूपुरीकडच्या दुकानांची ओळ चालू आहे, पुढे गूळ मार्केट करायचं आहे. तुम्ही सुरू करणार असाल तर लहान करा, इंजिन आणि सांधे आधी घ्या, शोभेचं नंतर. प्रत्येक रुळाला वायर द्या. दीड फुटाचा कोपरा शेवटापर्यंत न्या आणि तो बघायला कुणाला तरी तारीख देऊन बोलवा. खोली लहान असली तरी चालेल. गाडी मात्र पहिल्या महिन्यापासून धावती असू द्या.