आमची लोकरीची पाठशाळा

शाळेंत असतांना आम्हांस एक खोड होती. विद्यार्थ्याचा प्रश्न पुरा होण्याच्या आंतच आमचें उत्तर तयार असे. संस्कृत शिकविणाऱ्यास ही खोड सहज जडते. रूपें ठरलेलीं, सूत्रें ठरलेलीं आणि अपवादही ठरलेले! निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण खोड सुटली नाहीं. ती पुढें कशी सुटली, तें सांगण्यासाठीं हा लेख. ज्या भगिनींना विणकामाची आवड आहे, त्यांना यांत कांहीं उपयोगाचें सांपडेल. ज्यांना ती नाहीं, त्यांनीं निदान आमची फजिती वाचावी.

पुण्यांत सदाशिव पेठेंत आमच्या घराच्या ओटीवर सौ. नें १९९१ सालीं लोकरीचें दुकान घातलें. दुकान म्हणजे काय, तर भिंतीला लावलेल्या चार फळ्या, सुयांचा एक डबा, आणि गिऱ्हाइकांस बसावयास एक बांक. आम्ही त्यास 'लुटुपुटीचें दुकान' म्हणत असूं. मुलीच्या शिक्षणाची फी याच लुटुपुटींतून दोनदां भरली गेली, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु तें बोलून दाखविण्याचा प्रसंग आम्हीं कधीं येऊं दिला नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत सौ. ला अर्धांगवायूचा झटका आला. दोन महिन्यांत वाचा परत आली, पण उजवा हात आला नाहीं. हिवाळ्याचा माल लुधियानाहून नुकताच आला होता. फळ्या भरलेल्या आणि पैसे अडकलेले. आम्हीं सुचविलें, मिळेल त्या भावानें विकून दुकान बंद करावें. ती खाटेवरूनच म्हणाली, "अहो, विका, पण विचारून विका." तिच्या परवानगीवांचून कांहीं करूं नये, असा आम्हीं त्याचा अर्थ घेतला, आणि आजारी माणसाच्या समाधानासाठीं 'बरें' म्हटलें.

आश्विनांत आम्ही ओटीवर बसूं लागलों. आंतल्या खोलींत सौ. ची खुर्ची दाराशीं ठेवली. पहिला पाठ स्पर्शाचा झाला. लोकर तळहातानें पाहूं नये, गळ्याला किंवा हनुवटीखालीं लावून पाहावी. खडूनें निबर झालेल्या आमच्या बोटांना सगळीच लोकर मऊ लागत असे. मेरिनो मेंढीचा तंतु फार बारीक. तीस मायक्रॉनपेक्षां जाड तंतु अंगाला टोचूं लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड व रांठ, म्हणून तिची घोंगडी उत्तम होते, बाळाची बंडी होत नाहीं.

दुसरा पाठ परीक्षेचा. धाग्याचा तुकडा चिमट्यांत धरून जाळावा. लोकर असेल तर जळक्या केसांसारखा वास येतो, ज्योत आपणच विझते, आणि राख बोटांनीं चुरडतां येते. ॲक्रिलिक असेल तर तें वितळतें व त्याचा टणक मणी बनतो. हें ॲक्रिलिक खनिज तेलापासून निघालेल्या द्रव्यांचें. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें तें १९५० सालीं ऑर्लॉन या नांवानें बाजारांत आणलें. तें स्वस्त, रंगाला पक्कें, कसर न लागणारें आणि झटपट वाळणारें. पण चुलीजवळ वावरणाऱ्या माणसानें तें अंगांत घालून काम करूं नये, कारण पेटल्यास वितळून कातडीला चिकटतें.

तिसऱ्या पाठांत आमची थोडी इज्जत राहिली, कारण तो गणिताचा होता. सुयांचे नंबर उलटे चालतात, हें प्रथम कळलें: दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाड, तर आठ नंबरची चार मिलिमीटर. प्रत्येकीचा हातही निराळा. कोणी घट्ट विणते, कोणी सैल. म्हणून आधीं चार इंची चौकोन विणून टाके मोजावेत. चार इंचांत बावीस टाके बसले, तर छत्तीस इंच छातीला एकशें अठ्ठ्याण्णव टाके लागतात. तेवढेच टाके घट्ट हाताच्या बाईनें घातले आणि तिच्या चार इंचांत चोवीस बसत असले, तर स्वेटर तेहतीस इंचांचा होतो व घरांतील धाकट्याला जातो. हें शुद्ध त्रैराशिक आहे. शिवाय गुंड्यावरच्या कागदावर रंगाच्या क्रमांकाशेजारीं लॉटचा क्रमांक असतो; रंग तोच, पण घाण निराळा, तर छटा बदलते, आणि हा बदल दिव्याखालीं लपतो व उन्हांत दिसतो. म्हणून लोकर एकदांच व एक गुंडा जास्त घ्यावी; उरलेला न वापरलेला गुंडा सौ. नेहमीं परत घेत असे.

एवढें शिकल्यावर आम्हांस वाटलें, विद्या संपादन झाली. कार्तिकांत एक बाई आल्या. त्यांच्या ऐंशी उलटलेल्या आईला पणतवंडासाठीं बंडी विणावयाची होती. "गुरुजी, चांगल्यांतली लोकर द्या," त्या म्हणाल्या. हा प्रश्न आमच्या आवडीचा निघाला. आम्हीं सांगितलें कीं, लोकरीसारखें वस्त्र नाहीं. ऋग्वेदांत गांधार देशींच्या मेंढीचा उल्लेख आहे. ऊर्णा शब्दावरून ऊर्णायु हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे. आपल्या घरांतून सोवळ्याला धाबळी चालते ती उगीच नव्हे. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही ओली लागत नाहीं. आंतून सौ. चा आवाज आला, "अहो, बाळाचें आहे ना? धुणार कोण, तें विचारा." आम्हीं वळूनही न पाहतां म्हटलें, "आम्ही बघतों." आणि उत्तम मेरिनोचे पांढरे गुंडे बांधून दिले.

माघांत त्या बाई पुन्हां आल्या. त्यांच्या हातांत बाहुलीला बसेल एवढी, पुठ्ठ्यासारखी ताठ बंडी होती. बाळानें ती महिनाभर घातली. पौषांत आई वारल्या. त्या गडबडींत मोलकरणीनें इतर कपड्यांबरोबर ती गरम पाण्यावर यंत्रांत टाकली. बाई भांडावयास आल्या नव्हत्या. पैसेही मागत नव्हत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "गुरुजी, ही परत मोठी होईल का हो?"

चाळीस वर्षांच्या नोकरींत असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. आम्हीं ती बंडी घेऊन आंत गेलों. सौ. नें ती डाव्या हातानें चाचपली आणि बाईंना जवळ बोलावून सांगितलें, "नाहीं हो, होणार नाहीं." लोकरीच्या तंतूला माशासारखे बारीक खवले असतात, ऊन पाणी, साबण आणि घुसळणें हीं तिन्ही एकत्र आलीं कीं ते एकमेकांत अडकतात व पुन्हां सुटत नाहींत. मुद्दाम असें करूनच जेन आणि नमदे बनवितात. पुष्कळ दुकानांत खवल्यांवर प्रक्रिया केलेली, यंत्रांत धुतां येणारी लोकरही मिळते. आमच्याच दुसऱ्या फळीवर ती होती. आणि साध्या लोकरीलाही 'गार पाण्यांत, हातानें, न पिळतां धुवा आणि सपाट पसरून वाळवा' एवढें एक वाक्य पुरलें असतें. ऋग्वेदापासून पाणिनीपर्यंत सर्व सांगणाऱ्यानें तेवढें वाक्य मात्र सांगितलें नव्हतें.

त्या रात्रीं सौ. नें आम्हांस खणांतली एक वही काढावयास सांगितली. आम्ही ती जमाखर्चाची वही समजत होतों. तींत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवापुढें एकेक ओळ होती: 'हात घट्ट, एक नंबर जाड सुई द्यावी', 'नवऱ्याला लोकर खाजते', 'मुलगा अमेरिकेंत, घरांत ऊब असते, पातळ विणावें', 'डोळ्यांचें झालें आहे, काळा रंग देऊं नये'. या बाईंच्या नांवापुढें पांच वर्षांपूर्वींची ओळ होती: 'घरीं यंत्र. मोलकरीण धुते. साधी लोकर देऊं नये.' वही आमच्या बसण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर होती. सौ. एक शब्दही बोलली नाहीं, आणि आम्हीं तिला तोंड वर करून कांहीं विचारूं शकलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या बाईंच्या घरीं जाऊन चूक आमची होती असें सांगितलें. त्यांनीं आंतून एक पिशवी आणली. आईनें बंडीच्या उरलेल्या लोकरीची टोपी घातली होती. ती अर्ध्यावर, सुयांवर तशीच राहिली होती. बाईंना विणतां येत नव्हतें. "या सुया काढून ठेवल्या तर टाके सुटतील का, एवढें काकूंना विचारा," त्या म्हणाल्या.

सौ. नें निरोप पाठविला: सुया काढूं नका, टोपी घेऊन या. मग आठ दिवस दुपारीं आमच्या ओटीवर शाळा भरली. सौ. बोले, पण नुसत्या बोलण्यानें टाका दिसत नाहीं. तेव्हां डावी सुई ती धरी आणि उजवी आम्ही. दोन म्हाताऱ्यांचा मिळून एक विणकर झालेला पाहून बाई प्रथमच हंसल्या. सुलट टाका, उलट टाका, निसटलेला टाका उचलणें, हें सर्व त्या शिकल्या, आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही शिकलों. आईचा हात घट्ट होता, लेकीचा सैल. जेथें हात बदलला तेथें टोपीवर स्पष्ट रेघ उमटली. बाई म्हणाल्या, "सगळें उसवून एकसारखें करूं का?" सौ. म्हणाली, "आईचे टाके उसवूं नका. सांधा दिसला तर दिसूं द्या."

टोपी पुरी झाली त्या दिवशीं आम्हीं सौ. ला विचारलें, "तूं 'विचारून विका' म्हणाली होतीस, तें कोणाला विचारून?" ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला. दुसऱ्या कोणाला?"

दुकान बंद करण्याची गोष्ट आम्हीं पुन्हां काढली नाहीं. आतां फळीकडे हात नेण्यापूर्वीं आम्ही तीन प्रश्न विचारतों: कोणासाठीं, कोठें, आणि धुणार कोण? त्यांतून धागा आपोआप ठरतो. पुण्याची थंडी सकाळ-संध्याकाळची. तिला चौपदरी मिश्र धागा पुरतो. दिल्लीस जाणाऱ्याला चांगली लोकर द्यावी. परदेशांतील नातवंडांना यंत्रांत धुतां येईल तेंच द्यावें. तेथें आजी धुवावयास नसते. तान्ह्या बाळाला मऊ सूत किंवा तशीच प्रक्रिया केलेली मेरिनो. वैशाख-ज्येष्ठांत सूत घेऊन क्रोशाचे रुमाल, तोरणें करावींत. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चार-पांचशें ग्रॅम लोकर आणि रोज तास-दोन तास बसल्यास दीड-दोन महिने लागतात. म्हणून मार्गशीर्षांत घालावयाचा स्वेटर भाद्रपदांत सुईवर चढला पाहिजे. थंडी पडल्यावर लोकर घेणारा माणूस पुढच्या वर्षासाठीं विणतो.

परवां आमचा एक जुना विद्यार्थी पत्नीसह दुकानांत आला. आमचे तीन प्रश्न ऐकून तो म्हणाला, "सर, तुम्ही आमचें ऐकून घ्यावयास केव्हांपासून लागलांत?" आंतल्या खुर्चींतून हंसण्याचा आवाज आला. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

वही आतां आमच्या अक्षरांत पुढें चालू आहे. त्या बाई गेल्या भाद्रपदांत लोकर नेण्यास आल्या होत्या, स्वतः विणण्यासाठीं. आम्हीं विचारलें, आणि सौ. च्या जुन्या ओळीखालीं लिहिलें: 'टोपी स्वतः हातानें, गार पाण्यांत धुतात.'