नावाला कंस

बीसीए किंवा एमसीए करणाऱ्या मुलांना सगळ्यात कंटाळवाणा पेपर कोणता ते विचारा. बरीचशी ‘सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाइन’चं नाव घेतील. मी तो पेपर शिकवतो. त्यात कोडिंग नाही, गणित नाही, नुसत्या आकृत्या आणि व्याख्या. आदल्या रात्री वाचला तरी निघतो असा त्याचा लौकिक आहे. तरीही माहिती प्रणालीच्या पदवीत शिकण्यासारखं जे आहे ते याच पेपरात आणि त्याच्या शेजारच्या डेटाबेसच्या पेपरात आहे, असं माझं ठाम मत आहे. जावा, पायथन कोणत्याही क्लासमध्ये शिकता येतात. एखादं कार्यालय नोंदी कशा ठेवतं, त्या कोण लिहितं, कोण तपासतं आणि चुकल्या तर काय होतं, हे पाहायची नजर तिथे मिळत नाही.

पुस्तकांत उदाहरणं असतात लायब्ररीची नि हॉटेलची. मी सातबारा घेतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तो असतो, आणि ज्यांच्या घरी असतो त्यांच्या घरी बहुधा त्यावरून एखादं भांडणही असतं.

पीटर चेन यांनी 1976 मध्ये मांडलेली ‘ईआर डायग्राम’ ही आमची बाराखडी. चौकोनात वस्तू लिहायच्या, त्यांना जोडणाऱ्या तिरक्या चौकोनात त्यांचं नातं. पहिल्या तासाला फळ्यावर हमखास दोन चौकोन येतात, ‘शेतकरी’ आणि ‘जमीन’. एका शेतकऱ्याच्या अनेक जमिनी, एका जमिनीचा एक शेतकरी. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “सर, आमच्या गटात चुलत्यांसकट सगळ्यांची नावं आहेत.” झालं, सामाईक खातं आलं. त्यातलं एखादं नाव अज्ञान मुलाचं असतं, पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव. आता प्रत्येकाचा हिस्सा लिहायचा कुठे? तो शेतकऱ्याच्या चौकोनात बसत नाही, कारण त्याच्या दुसऱ्या गटात हिस्सा वेगळा असतो. जमिनीच्या चौकोनातही बसत नाही. हिस्सा हा त्या दोघांमधल्या नात्याचा गुण आहे, त्याला स्वतःचा तिसरा तक्ता लागतो. हे मुलांना स्वतःहून सापडलं की माझं अर्धं सत्र वसूल होतं.

हिस्सा लिहायचा कसा, हाही प्रश्नच आहे. मुलं बेधडक टक्के घेतात. तीन भावांना प्रत्येकी 33.33, बेरीज 99.99. उरलेला एक शतांश टक्का कुणाचा? बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. जुन्या उताऱ्यांवर हिस्सा आणे-पैत लिहिलेला सापडतो. 16 आण्यांच्या होतात 192 पै. तिसरा हिस्सा 5 आणे 4 पै, तंतोतंत. पाच भाऊ निघाले की आणे-पैही हात टेकतात. म्हणून अंश आणि छेद वेगवेगळे साठवा, भागाकार शेवटी करा, असं मी सांगतो.

एक गोष्ट एकाच जागी लिहावी, हे सूत्र एडगर कॉड यांच्या कामातून आलं; आयबीएममध्ये असताना 1970 साली त्यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध प्रसिद्ध केला. गावच्या दप्तरात 8अ हा खातेदारवार उतारा असतो. त्यातली जमीन सातबाऱ्यातलीच, फक्त मांडणी माणसाच्या नावाने. आमच्या भाषेत तो ‘व्ह्यू’. कागदावर तो वेगळा लिहावा लागे, म्हणून कधी दोहोंचा मेळ बसत नसे. संगणकावर तो मूळ नोंदींतूनच काढता येतो.

माझा खरा जीव आहे तो फेरफारावर. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये ॲड, एडिट, डिलीट अशी तीन बटणं असतात आणि डिलीटवर सगळ्यांचं फार प्रेम असतं. सातबाऱ्यावर डिलीट नाही. जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाहीत; पूर्वी त्याला कंस करत. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक धरून गाव नमुना 6 उघडला की नोंद कशाच्या आधारे आणि कधी झाली ते कळतं. शिवाय नोंद तलाठी धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा. बँकेत यालाच ‘मेकर-चेकर’ म्हणतात. व्यवहारात काय काय चालतं ते गावाकडच्या वाचकाला मी सांगायला नको, पण आराखडा पक्का आहे.

हा आराखडा सुटला की काय होतं, ते ब्रिटनच्या पोस्ट खात्यात दिसलं. तिथल्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीच्या हिशेबात तूट दिसायची, आणि ती डाकघर चालवणाऱ्याने खाल्ली असं धरलं जायचं. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आलं. काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते आणि बाहेर बसलेल्या तंत्रज्ञांना शाखेच्या हिशेबात परस्पर बदल करता येत होता, हे न्यायालयाने 2019 मध्ये मान्य केलं. दोषसिद्धी सरसकट रद्द करणारा कायदा यायला 2024 उजाडलं. हे प्रकरण मी परीक्षेला विचारतो. ‘बग होता’ एवढंच लिहिणाऱ्याला कमी मार्क देतो. बग सगळीकडे असतात. तिथे “यंत्र चुकलंय” असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकून घेणारी जागाच नव्हती.

आपल्याकडेही हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना नावं चुकली, क्षेत्रं चुकली. पण जमीन महसूल संहितेत कलम 155 होतं, लेखनदोष दुरुस्त करण्यासाठी. 1966 च्या त्या कायद्याने अशी दुरुस्ती गृहीतच धरली होती.

तेव्हा यंदा घरातलं कुणी फायनल इयरचा प्रोजेक्ट लॅपटॉपवर दाखवायला लागलं, तर रंगीत स्क्रीनचं कौतुक जरूर करा. मग एक चुकीची नोंद टाकायला सांगा आणि विचारा, ही आता दुरुस्त कोण करणार, कुणाच्या परवानगीने, आणि आधी काय लिहिलं होतं ते मला कुठे दिसेल? उत्तर आलं, तर पोराची फी वाया गेलेली नाही.